सूर्यडाग आणि सौरज्वाला : अंदाज बांधताना या चुका टाळा

मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथील रात्रीच्या आकाशात लाल प्रकाश दिसला आणि त्याची छायाचित्रे देशभर पसरली. त्या प्रकाशामागे पृथ्वीवर आलेले चुंबकीय वादळ आणि त्या वादळामागे सूर्यावरचा १३६६४ क्रमांकाचा डागसमूह होता. तेव्हापासून सूर्यावर जरा मोठा डाग दिसला की आता मोठी ज्वाला उसळणार आणि पृथ्वीवर वादळ येणार, असा निष्कर्ष घाईने काढलेला वारंवार वाचायला मिळतो. हा निष्कर्ष पूर्णपणे निराधार नसतो आणि म्हणूनच तो अधिक फसवा ठरतो. बहुतेक मोठ्या ज्वाला डागसमूहांच्या परिसरातच उसळतात हे खरे आहे, पण बहुतेक डागसमूह एकही मोठी ज्वाला न उसळवता विरून जातात हेही तितकेच खरे आहे. डाग, ज्वाला आणि पृथ्वीवरचे चुंबकीय वादळ या तीन वेगवेगळ्या कड्या असून त्यांना जोडणारा प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे तपासावा लागतो. हौशी निरीक्षक, विद्यार्थी आणि विज्ञानविषयक बातम्या लिहिणारे यांच्याकडून या दुव्यांवर ज्या चुका नेहमी होतात, त्यांचा विचार येथे केला आहे.

डागाच्या आकारावरून ज्वालेचा अंदाज बांधणे

सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर, म्हणजे दीप्तिगोलावर, काही ठिकाणी चुंबकीय क्षेत्र इतके तीव्र असते की खालून वर येणाऱ्या तप्त वायूचे अभिसरण तिथे रोखले जाते आणि तो भाग भोवतालपेक्षा थंड राहतो. भोवतालच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन असते, तर डागाच्या मधल्या गडद भागाचे, म्हणजे प्रच्छायेचे, तापमान ४,००० केल्विनच्या आसपास असते. त्यामुळे डाग काळा दिसतो तो केवळ तुलनेने. तो सूर्यापासून वेगळा काढून आकाशात ठेवता आला असता, तर पौर्णिमेच्या चंद्राहून कितीतरी तेजस्वी दिसला असता. डागांचा चुंबकत्वाशी असलेला संबंध जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत वर्णपटातील रेषा दुभंगलेल्या पाहून सिद्ध केला. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) आसपास असते, तर मोठ्या डागांमध्ये ते दोन ते चार हजार गॉसपर्यंत पोहोचते.

पण तीव्र क्षेत्र असणे आणि त्या क्षेत्रात मोकळी होऊ शकेल अशी ऊर्जा साठलेली असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुंबकीय क्षेत्र आपल्या सर्वांत साध्या, किमान ऊर्जेच्या रचनेत असेल, तर ते कितीही तीव्र असले तरी त्यातून ज्वाला निर्माण होऊ शकत नाही. दोरीला पीळ देत गेले की तिच्यात ताण साठत जातो, त्याप्रमाणे पृष्ठभागाखालच्या हालचालींनी क्षेत्राला पीळ पडतो, विरुद्ध ध्रुवतेचे भाग एकमेकांना घासून सरकतात, खालून नवे क्षेत्र जुन्या क्षेत्रात घुसते, आणि या सगळ्यातून ज्वालेला लागणारी ऊर्जा जमा होते. पुढे क्षेत्ररेषा तुटून नव्या प्रकारे जुळतात, म्हणजे चुंबकीय पुनर्जोडणी होते, तेव्हा ही ऊर्जा काही मिनिटांत उष्णता, किरणोत्सर्ग आणि वेगवान कण यांच्या रूपाने बाहेर पडते. फार मोठ्या ज्वालेत ती १० चा २५ वा घात इतक्या जूलच्या घरात जाते.

म्हणून गोलसर, एकसंध, आठवडाभर जसाच्या तसा दिसणारा मोठा डाग नजरेत कितीही भरला तरी ज्वालांच्या दृष्टीने तो बहुधा शांत असतो. माउंट विल्सनच्या चुंबकीय वर्गीकरणात अशा एकाच ध्रुवतेच्या समूहाला अल्फा म्हणतात. दोन ध्रुवता स्पष्टपणे वेगळ्या असतील तर बीटा, त्यांची सरमिसळ झाली असेल तर गॅमा, आणि विरुद्ध ध्रुवतेच्या दोन प्रच्छाया एकाच उपच्छायेत, म्हणजे भोवतालच्या एकाच फिकट झालरीत, अडकल्या असतील तर डेल्टा. सर्वाधिक धोका असतो तो या शेवटच्या रचनेत. ज्या समूहांचे क्षेत्रफळ सूर्याच्या दृश्य गोलार्धाच्या एक हजार दशलक्षांशांपेक्षा जास्त होते आणि ज्यांची रचना बीटा-गॅमा-डेल्टा होती, अशा समूहांपैकी सुमारे ४० टक्के समूहांनी एक्स वर्गाची, म्हणजे सर्वांत तीव्र वर्गातली, ज्वाला दिली, असे अनेक वर्षांच्या नोंदींच्या अभ्यासात आढळले आहे. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे : मोठे आणि गुंतागुंतीचे समूह खरोखरच धोकादायक असतात, आणि तरीही त्यांतल्या निम्म्याहून अधिक समूहांनी एक्स वर्गाची एकही ज्वाला दिली नाही. (गोलार्धाचा एक दशलक्षांश म्हणजे सुमारे ३० लाख चौरस किलोमीटर, भारताच्या क्षेत्रफळापेक्षा थोडा कमी.)

आकाराचा मोह किती दिशाभूल करतो, हे दोन समूह शेजारी ठेवले की कळते. ऑक्टोबर २०१४ मधील १२१९२ हा समूह १९९० नंतरचा सर्वांत मोठा होता. त्याचे क्षेत्रफळ २,७०० दशलक्षांशांच्या पुढे गेले होते आणि संरक्षक फिल्टरमधून तो नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. त्याने एक्स वर्गाच्या सहा ज्वाला दिल्या, पण त्यांतली सर्वांत मोठी होती एक्स ३.१ (अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितकी ज्वाला तीव्र). याउलट सप्टेंबर २०१७ च्या सुरुवातीला १२६७३ हा समूह म्हणजे एक साधा, एकटा, कुणाचेही लक्ष वेधून न घेणारा डाग होता. ३ सप्टेंबरपासून त्याच्या लगत नवे चुंबकीय क्षेत्र विलक्षण वेगाने वर आले, दोन-तीन दिवसांत डेल्टा रचना तयार झाली आणि ६ सप्टेंबरला त्या संपूर्ण सौरचक्रातली (डागांच्या संख्येच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउतारातली) सर्वांत मोठी, एक्स ९.३ ची ज्वाला उसळली. त्याचे क्षेत्रफळ १२१९२ च्या निम्म्यापर्यंतही पोहोचले नव्हते.

यावरून निरीक्षकाने घ्यायचा बोध व्यावहारिक आहे. एका दिवसाचे चित्र पाहून निष्कर्ष काढू नये; सलग तीन-चार दिवसांची चित्रे एकाच मापाची करून शेजारी ठेवावीत. समूहाच्या दोन टोकांच्या डागांमध्ये नवे ठिपके उगवत आहेत का, एखादा डाग स्वतःभोवती वळत आहे का, दोन प्रच्छाया एकमेकींकडे सरकून एकाच उपच्छायेत येत आहेत का, हे पाहावे. साध्या पांढऱ्या प्रकाशातल्या चित्रावरून ध्रुवता कळत नाही, त्यामुळे डेल्टा असल्याचा संशय आला की सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या उपग्रहाचा त्याच दिवसाचा चुंबकीय नकाशा उघडावा. त्यात एक ध्रुवता पांढरी आणि दुसरी काळी दाखवलेली असते. पांढरा आणि काळा रंग जिथे मधल्या करड्या पट्ट्याशिवाय थेट एकमेकांना भिडतात आणि ती सीमारेषा नागमोडी, तुटक किंवा खूप लांब असते, तिथे लक्ष ठेवावे. मात्र समूह सूर्यबिंबाच्या कडेजवळ असेल, तर हा नकाशाही फसवतो. तिरकस दिशेमुळे एकाच ध्रुवतेच्या डागाच्या कडेच्या बाजूला विरुद्ध ध्रुवतेची खोटी पट्टी दिसू लागते आणि साध्या डागाला डेल्टा ठरवले जाते.

डागांची संख्या म्हणजे ज्वालांचे मापक नव्हे

रूडॉल्फ वोल्फ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिलेले सूत्र आजही वापरात आहे : समूहांच्या संख्येला दहाने गुणायचे, त्यात सुट्या डागांची संख्या मिळवायची आणि निरीक्षक व दुर्बीण यांच्यासाठी ठरवलेल्या गुणांकाने गुणायचे. या सूत्रानुसार, गुणांक एक धरला तर, सूर्यावर एकमेकांपासून दूर चार एकटे, शांत डाग असतील तर संख्या ४४ येते. तीस डागांचा एकच गुंतागुंतीचा डेल्टा समूह असेल तर येते फक्त ४०. पहिल्या दिवशी ज्वालेची शक्यता जवळजवळ नाही आणि दुसऱ्या दिवशी ती लक्षणीय आहे, पण संख्या उलटेच सुचवते. ही संख्या सौरचक्राची दीर्घकालीन वाटचाल पाहण्यासाठी उत्तम आहे; उद्या काय होईल हे सांगण्यासाठी ती तयारच केलेली नाही.

याच गैरसमजातून आणखी एक चूक निघते, ती म्हणजे सौरचक्र उताराला लागले की धोका टळला असे मानणे. वर उल्लेखलेली २०१७ ची ज्वाला चोविसाव्या सौरचक्राच्या शिखरानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने आली. त्या महिन्यातील डागसंख्येची सरासरी चाळिशीच्या आसपास होती आणि ते चक्र मुळातच शंभर वर्षांतल्या दुबळ्या चक्रांपैकी एक होते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ मधल्या प्रचंड ज्वालाही तेविसाव्या चक्राच्या उतारावरच्याच आहेत. चालू पंचविसाव्या चक्राची गुळगुळीत केलेली, म्हणजे अनेक महिन्यांची सरासरी काढलेली, डागसंख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये १६० च्या थोडी वर जाऊन उतरू लागली. या उतारावर डागांचे समूह कमी होतील, पण एखादा समूह मोठी ज्वाला देणारच नाही असे त्यातून सिद्ध होत नाही.

जुन्या पुस्तकांतले आकडे आजच्या आकड्यांशी ताडून पाहताना आणखी एक अडचण येते. ब्रुसेल्समधील जागतिक नोंदणी केंद्राने जुलै २०१५ मध्ये संपूर्ण डागसंख्या-मालिका सुधारून प्रसिद्ध केली आणि जुना ०.६ हा गुणांक काढून टाकला. त्यामुळे एकोणिसाव्या चक्राचे शिखर जुन्या मालिकेत २०१ आहे, तर नव्या मालिकेत २८५. चोविसाव्याचे शिखर जुन्या मालिकेत ८२ आहे, नव्या मालिकेत ११६. जुन्या आलेखाच्या पुढे नवे आकडे चिकटवले की सूर्य अचानक खवळल्याचे दिसते. आलेखात अशी पायरी दिसली तर सर्वप्रथम मालिकेची आवृत्ती तपासावी.

दुर्बिणीतून पाहताना

येथे पहिली चूक डोळ्यांची किंमत मागते, म्हणून ती आधी. ग्रहणासाठी मिळणारे चश्मे नुसत्या डोळ्यांनी पाहण्यापुरते असतात. ते घालून दुर्बिणीत किंवा द्विनेत्रीत पाहिले, तर एकवटलेला प्रकाश चश्मा जाळून डोळ्यापर्यंत पोहोचतो. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर, घट्ट बसवलेला असावा. काही जुन्या दुर्बिणींसोबत नेत्रिकेवर बसवायचा काळा फिल्टर मिळतो, तो उष्णतेने तडकू शकतो. तो वापरू नये. क्ष-किरणांच्या जुन्या फिल्म, काजळी धरलेली काच यांचा प्रश्नच येत नाही. शाळेतल्या गटासाठी पडद्यावर प्रतिमा पाडण्याची पद्धत सर्वांत सोयीची आहे, मात्र दुर्बिणीपाशी सतत कुणीतरी जबाबदार व्यक्ती उभी असली पाहिजे.

यापुढच्या चुका नोंदी बिघडवणाऱ्या आहेत. कॅमेऱ्याच्या संवेदकावरचा धुळीचा कण डागासारखाच दिसतो. कॅमेरा थोडा फिरवून दुसरे छायाचित्र घेतले, की खरा डाग सूर्यबिंबावर आपल्या जागी राहतो आणि धूळ चौकटीतल्या आपल्या जागी. काटकोनी आरसा किंवा लोलक वापरल्यास प्रतिमा उजवी-डावी उलटते आणि पूर्वेकडचा समूह पश्चिमेकडे नोंदवला जातो. त्यावर उपाय सोपा आहे : दुर्बिणीची मोटर बंद करावी, बिंब ज्या बाजूने दृष्टिक्षेत्राबाहेर सरकते ती पश्चिम. कडेजवळचे डाग चपटे दिसतात. बिंबाच्या मध्यापासून ६० अंशांवर असलेल्या डागाची रुंदी निम्मी दिसते, त्यामुळे मध्याकडे येणारा समूह प्रत्यक्षात न वाढताही वाढत असल्यासारखा वाटतो. ही दुरुस्ती केल्याशिवाय क्षेत्रफळ वाढल्याची नोंद करू नये.

साध्या पांढऱ्या प्रकाशाच्या फिल्टरमधून ज्वाला दिसेल, ही अपेक्षाही बहुतेक वेळा फोल ठरते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन यांनी स्वतंत्रपणे पाहिलेली ज्वाला पांढऱ्या प्रकाशात दिसली, कारण ती असाधारण होती. ती जेमतेम पाच मिनिटे टिकली. नेहमीच्या ज्वाला पाहण्यासाठी हायड्रोजनचा विशिष्ट लाल प्रकाशच आत सोडणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टर लागतो. पांढऱ्या प्रकाशात कडेजवळच्या डागांभोवती जे उजळ धागे दिसतात, ते ज्वाला नसून दीप्तिगोलावरचे उजळ भाग असतात आणि ते दिवसेंदिवस टिकतात. हायड्रोजन-अल्फामध्ये कडेवर दिसणारी लालसर कमान हीही ज्वाला नव्हे. ती सूर्याच्या वातावरणात चुंबकीय क्षेत्राने तोलून धरलेली थंड वायूची राशी असते. अशी राशी डागांपासून दूर, शांत भागातूनही उचलली जाऊन अवकाशात फेकली जाऊ शकते आणि डागांचा काडीमात्र संबंध नसताना पृथ्वीवर वादळ आणू शकते.

ज्वाला आणि वादळ एकच समजणे

माझ्या मते बातम्यांमधली सर्वांत हानिकारक चूक ही आहे, कारण ती लोकांना विनाकारण घाबरवते आणि खऱ्या इशाऱ्याच्या वेळी बेफिकीर करते.

ज्वाला म्हणजे प्रामुख्याने प्रकाश आणि क्ष-किरण. तो किरणोत्सर्ग साडेआठ मिनिटांच्या आत पृथ्वीवर येतो आणि पृथ्वीच्या फक्त दिवस असलेल्या बाजूच्या आयनांबरात, म्हणजे वरच्या वातावरणातील विद्युतभारित थरात, बदल घडवतो. त्यामुळे लघुलहरींवरचे रेडिओ संपर्क काही काळ क्षीण होतात किंवा तुटतात. भूचुंबकीय वादळ मात्र येते ते सूर्याच्या बाह्य वातावरणातून सुटलेल्या प्रचंड चुंबकीय ढगामुळे, ज्याला कोरोनल मास इजेक्शन किंवा थोडक्यात सीएमई म्हणतात. हा ढग पृथ्वीपर्यंत यायला साधारणपणे एक ते चार दिवस घेतो. ज्वालेसोबत सीएमई निघेलच असे नाही; निघाला तरी पृथ्वीच्या दिशेने येईलच असे नाही; आणि आला तरी त्यातील चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तरच ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळून जोरदार वादळ निर्माण करते. ही दिशा ढग सूर्यावरून निघताना खात्रीने सांगता येत नाही. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या एल-१ बिंदूपाशी ठेवलेली यानेच ती प्रत्यक्ष मोजतात, आणि तेव्हा आपल्या हाती उरतो तो पाऊण-एक तास, कधीकधी त्याहूनही कमी. भारताचे आदित्य एल-१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून याच बिंदूभोवती आहे.

प्रत्यक्ष घटनांकडे पाहू. २०१४ च्या अवाढव्य १२१९२ समूहाच्या मोठ्या ज्वालांसोबत उल्लेखनीय सीएमई जवळजवळ निघालेच नाहीत, कारण त्या समूहाच्या वर असलेले चुंबकीय क्षेत्र इतके भक्कम होते की खालचा उद्रेक त्याच्या आतच कोंडला गेला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी १३५९० समूहातून एक्स ६.३ ची ज्वाला उसळली. पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या, आदित्य एल-१ वरील सूट या अतिनील दुर्बिणीने ती टिपली. तिच्यासोबतही पृथ्वीला त्रास देईल असा ढग निघाला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ची एक्स ९.० ही ज्वाला वर्गाने कितीतरी मोठी होती, परंतु १० ऑक्टोबरचे तीव्र वादळ, ज्यात पृथ्वीच्या विषुववृत्तीय चुंबकीय क्षेत्रात ३०० नॅनोटेस्लाहून (एक लाख नॅनोटेस्ला म्हणजे एक गॉस) अधिक घट झाली, ते आले ९ ऑक्टोबरच्या एक्स १.८ या ज्वालेसोबत निघालेल्या ढगातून. मे २०२४ मधल्या वादळामागे एकच राक्षसी ज्वाला नव्हती. १३६६४ समूहातून एकापाठोपाठ निघालेले अनेक ढग वाटेत एकमेकांना गाठून पृथ्वीवर आदळले आणि घट ४०० नॅनोटेस्लाच्या पुढे गेली. त्या समूहाची सर्वांत मोठी, एक्स ८.७ ची ज्वाला वादळ ओसरल्यावर, १४ मे रोजी, समूह पश्चिम कडेवर पोहोचल्यानंतर उसळली आणि तिच्यामुळे पुन्हा तसे वादळ आले नाही.

वादळाची तीव्रता मोजण्याच्या बाबतीत मुंबईचा वाटा जगाच्या इतिहासात मोलाचा आहे. कॅरिंग्टन यांनी ज्वाला पाहिली त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास वादळ पृथ्वीवर पोहोचले. त्या २ सप्टेंबर १८५९ च्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षकांनी हाताने घेतलेल्या नोंदींत क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली गेलेले दिसते. युरोपातल्या उपकरणांचे काटे त्या दिवशी मापनाच्या मर्यादेबाहेर गेले असताना विषुववृत्ताजवळची ही नोंद शिल्लक राहिली, आणि म्हणूनच आजचे संशोधक त्या वादळाचा आकार ठरवताना कुलाब्याच्या त्या नोंदवह्यांकडे वळतात. पुढे मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर धावणार म्हणून चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली आणि ती तिथे आजही चालू आहेत. अलिबागच्या आलेखावर ज्वालेचा परिणाम आणि वादळाचा परिणाम वेगवेगळे ओळखता येतात : भरदिवसा ज्वाला उसळली तर तिच्याच वेळी एक छोटा, काही मिनिटांचा उंचवटा उमटू शकतो, वादळाची खोल दरी मात्र एक-दोन दिवसांनंतर येते आणि भरून यायला दिवस लागतात. आलेखातला लहानसा उंचवटा पाहून 'वादळ आले' असे लिहिणे, किंवा ज्वालेनंतर तासाभरात काही घडले नाही म्हणून 'धोका टळला' असे लिहिणे, दोन्ही चूकच.

लहान वादळांना क्षुल्लक समजणेही योग्य नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौम्य प्रतीच्या वादळाने वरच्या वातावरणाची घनता वाढली आणि नुकत्याच सोडलेल्या, कमी उंचीवर असलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक कोसळले. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेकचे वीजजाळे ज्या वादळाने नऊ तास बंद पाडले, ते अर्थातच फार मोठे होते.

अक्षरे, आकडे आणि घड्याळ

ज्वालेच्या क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून ठरणाऱ्या ए, बी, सी, एम, एक्स या वर्गांत प्रत्येक पायरी दहापट असते. एम ९ आणि एक्स १ यांच्यात केवळ अक्षर बदलते, फरक जेमतेम अकरा टक्क्यांचा. मात्र एक्स १ आणि एक्स ९ एकाच अक्षराखाली असूनही त्यांच्यात नऊपट अंतर आहे. बातमीत फक्त 'एक्स वर्गाची महाज्वाला' असे लिहून आकडा गाळला, तर वाचकाला काहीच कळत नाही.

जुन्या आणि नव्या ज्वालांची तुलना करताना एक अडचण अशी येते की ती लक्षात न आल्यास सगळा निष्कर्षच ढासळतो. अमेरिकेच्या जुन्या गोज उपग्रहांची क्ष-किरण मापने आधीच्या मालिकेशी जुळावीत म्हणून ०.७ ने गुणून प्रसिद्ध केली जात असत. गोज-१६ पासून हा गुणक काढून टाकण्यात आला. त्यामुळे २०१७ ची एक्स ९.३ आजच्या मापाने सुमारे एक्स १३.३ भरते, आणि ऑक्टोबर २०२४ ची एक्स ९.० तिच्या जवळपासही पोहोचत नाही. ४ नोव्हेंबर २००३ ची ज्वाला तर इतकी तीव्र होती की संवेदकच भरून गेला. तिच्या नावापुढचा एक्स २८ हा आकडा मोजमाप नसून अंदाज आहे. वीस वर्षांचा आलेख काढणाऱ्याने जुनी मापने ०.७ ने भागून घ्यावीत.

वेळेची गफलत तितकीच सामान्य आहे. सर्व जागतिक नोंदी समन्वित वैश्विक वेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. १४ मे २०२४ ची एक्स ८.७ ज्वाला १६ वाजून ५१ मिनिटांनी शिखरावर होती, म्हणजे भारतात रात्रीचे १० वाजून २१ मिनिटे. त्यामुळे तिने भारतात लघुलहरी बंद पाडल्या असे म्हणता येणार नाही. ३ ऑक्टोबरची ज्वाला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजून ४८ मिनिटांची, मुंबईत सूर्य अजून क्षितिजाच्या वर असतानाची. आपल्याकडच्या रेडिओ निरीक्षणात ज्वाला सापडत नसेल, तर उपकरण उघडण्याआधी हा हिशोब करून पाहावा.

शक्यता आणि यंत्रशिक्षण

'एक्स वर्गाच्या ज्वालेची शक्यता ३० टक्के' असा अंदाज दिलेला असताना ज्वाला आली नाही, तर अंदाज चुकला असे म्हटले जाते. तसे म्हणता येत नाही. असा अंदाज दिलेले शंभर दिवस गोळा करावेत. त्यांपैकी तीसच्या आसपास दिवशी ज्वाला आली असेल तर अंदाज चोख होता.

महाविद्यालयीन प्रकल्पांत डागांच्या चुंबकीय मापनांवरून ज्वालेचे भाकीत करणारे संगणकीय प्रारूप हा विषय अलीकडे आवडीचा झाला आहे, आणि त्यात दोन चुका हमखास आढळतात. पहिली म्हणजे अचूकतेचा टक्का पाहून समाधान मानणे. मोठी ज्वाला ही विरळ घटना असल्यामुळे रोज डोळे झाकून 'ज्वाला येणार नाही' असे सांगणारे प्रारूपही नव्वदच्या पुढचे गुण सहज मिळवते आणि एकही ज्वाला ओळखत नाही. म्हणून आलेल्या ज्वालांपैकी किती पकडल्या आणि शांत दिवसांपैकी किती दिवशी खोटा इशारा दिला, हे दोन आकडे वेगळे मांडावेत. पहिल्या प्रमाणातून दुसरे वजा करून येणारे कौशल्यमूल्य विरळ घटनांसाठी अधिक प्रामाणिक असते.

दुसरी चूक शोधायला अवघड असते. सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीची डागसमूहांची चुंबकीय मापने दर बारा मिनिटांनी मिळतात, आणि बारा मिनिटांत समूह फारसा बदलत नाही. सर्व नोंदी एकत्र पिसून त्यांतल्या काही शिकवण्यासाठी आणि काही चाचणीसाठी ठेवल्या, तर एकाच समूहाच्या जवळजवळ सारख्या नोंदी दोन्हीकडे जातात. प्रारूपाने तो समूह आधीच पाहिलेला असतो, त्यामुळे चाचणीत गुण भरघोस मिळतात आणि नव्या समूहावर प्रारूप कोलमडते. गुण संशयास्पद इतके चांगले आले की विभागणी समूहानुसार करून पुन्हा चालवून पाहावे. त्यातही एक बारकावा आहे. सूर्याच्या फिरण्यामुळे एखादा समूह पलीकडे जाऊन सुमारे दोन आठवड्यांनी परत दिसतो, तेव्हा त्याला नवा क्रमांक दिला जातो. ऑक्टोबर २०१४ मधला १२१९२ हा समूह नोव्हेंबरमध्ये १२२०९ म्हणून परतला. क्रमांक वेगळे असले तरी सूर्यावरची जागा रेखांशावरून ताडून पाहावी आणि अशा दोन्ही क्रमांकांच्या नोंदी एकाच बाजूला, शिकवण्याच्या तरी नाहीतर चाचणीच्या तरी गटात, ठेवाव्यात.